घराला रंग कोण देतं? मुकुटबनच्या चुन्यापासून डिस्टेंपरच्या डब्यापर्यंत

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जे 'म्हणजे', 'तर', 'बघा' फार झालं, तेवढं कमी केलंय. बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

 

दिवाळी जवळ आली की फोनवर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. एक जोडपं, जुन्या टी-शर्टमध्ये, हातात रोलर. अर्ध्या मिनिटात खोली पांढऱ्याची हिरवी. खाली लिहिलेलं असतं, 'पेंटर नको, स्वतः करा, पैसे वाचवा.' आणि कमेंटमध्ये लोक म्हणतात, वा, काय नवीन आयडिया आहे!

आता ही आयडिया नवीन आहे का? यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जाऊन सत्तरीच्या आजीला हा व्हिडिओ दाखवा. ती विचारेल, मग घराला आणखी कोण रंग देतं? म्हणजे खरी गोष्ट उलटी आहे. स्वतःच्या घराला स्वतः रंग देणं ही आपली जुनी रीत आहे, आणि पैसे देऊन पेंटर बोलावणं हे नवीन आहे. ही उलटापालट कधी झाली, कशी झाली, आणि त्यात कोणाचं काय गेलं, हा आजचा विषय.

मुकुटबन: पायाखालीच चुना

गोष्टीसाठी आपण जागा घेतली आहे मुकुटबन. यवतमाळ जिल्हा, झरी-जामणी तालुका. वणीवरून खाली आदिलाबादकडे निघालात की हे गाव लागतं. पुढे थोडं गेलं की तेलंगणा. त्यामुळे इथल्या बाजारात मराठी ऐकू येते, तेलुगू ऐकू येते, गोंडी आणि कोलामीही ऐकू येते. आपण ज्याला चुना म्हणतो, त्याला सीमेपलीकडे सुन्नम म्हणतात.

आणि चुना हा इथला खास विषय आहे. विदर्भाच्या पश्चिमेकडे बहुतेक ठिकाणी खाली काळा बेसाल्ट, त्याच्यावर काळी कपाशीची माती. पण वणी, मुकुटबन, पैनगंगेचा काठ या पट्ट्यात जमिनीत चुनखडी आहे. भूगर्भशास्त्रज्ञ तिला पैनगंगा समूहाचा खडक म्हणतात. बेसाल्टचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही चुनखडी त्याच्याही कितीतरी आधीची, अंदाजे शंभर कोटी वर्षांपूर्वीची, समुद्राच्या तळाशी साचलेली. म्हणजे मुकुटबनचा माणूस जुन्या समुद्राच्या तळावर घर बांधून राहतो आणि त्याच समुद्राचा गाळ घराच्या भिंतीला लावतो.

वणीजवळचं राजूर हे गाव कोळशाच्या खाणीसाठी ओळखलं जातं, तसंच चुनाभट्ट्यांसाठीही. दगड इथलाच, कोळसा इथलाच, दोन्ही एकत्र आले की भट्टी पेटते. आणि आता मुकुटबनलाच मोठा सिमेंट कारखाना उभा आहे. बिर्ला कॉर्पोरेशनच्या समूहातला. २०२२ मध्ये तो सुरू झाला, वर्षाला ३९ लाख टन सिमेंटची क्षमता. दगड तोच. पूर्वी त्याचा चुना व्हायचा, आता सिमेंट होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

पोतारा म्हणजे नुसता रंग नव्हे

आधी मातीच्या भिंतीकडे जाऊ. या तालुक्यात कोलाम समाजाच्या वस्त्या आहेत, त्यांना पोड म्हणतात. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित आदिवासी समूह मानतं, त्यात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. पोडावरच्या जुन्या घराची भिंत म्हणजे चिरलेल्या बांबूचा विणलेला कुड, आणि त्याला दोन्ही बाजूंनी माती आणि शेण. गावातल्या कुणब्याच्या घराची भिंत जाड मातीची. जात, समाज वेगळा, पण भिंतीचं दुखणं सारखं: पावसाळ्यात पाणी मारतं, माती सुटते, भेगा पडतात, त्या भेगांत विंचू-किडे बसतात.

म्हणून पावसाळा सरला की भिंतीची डागडुजी. भेग बुजवायची, मातीचा हात फिरवायचा, शेणानं सारवायचं, त्याच्यावर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पोतारा. खाली जमिनीलगत गेरूचा लाल पट्टा, कारण पाय लागतात, पाणी उडतं, तिथे पांढरं टिकत नाही. हा पट्टा शोभेसाठी आहे असं आपल्याला वाटतं. तो मुळात डाग लपवण्यासाठी आहे, शोभा नंतर आली.

आता हे काम कोण करायचं? घरातल्या बायका. सासू, सून, शेजारीण. त्याला मजुरी नाही, त्याला नाव नाही. 'घर पोतून घेतलं' एवढंच म्हणायचं. हत्यारं काय? एक बादली, एक पोतेरं आणि बांबूच्या कांडीचं किंवा शिंदीच्या फोकाचं टोक ठेचून केलेला कुंचा. पण कौशल्य बघा. माती किती पातळ हवी, शेण किती मिसळायचं, कुठल्या उन्हात लावलं तर तडा जातो, हे सगळं हाताला माहीत. पुस्तकात कुठेही नाही.

इथे एक गोष्ट आठवते. वारली चित्रं तुम्ही पाहिली आहेत, मोबाइलच्या कव्हरवरसुद्धा. लाल भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. ही कला लग्नाच्या वेळी भिंतीवर सुवासिनी काढायच्या. पण ज्या माणसामुळे ती जगात गेली ते जिव्या सोमा म्हसे, पुरुष. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे मोठे कलावंत होते, यात शंकाच नाही. पण एवढं लक्षात घ्या, की काम भिंतीवर आणि बायकांच्या हातात होतं तोवर त्याला 'घरकाम' म्हणत होते. कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं, तेव्हा त्याला 'चित्रकला' म्हणू लागले. भिंतीच्या रंगाचंही असंच झालं, ते पुढे बघू.

दिवाळी आधी, पैसा नंतर

आता प्रश्न असा, की पेंटर का बोलवत नव्हते? पेंटर नव्हतेच म्हणून? शहरात रंगारी होते. वाड्यांना, देवळांना रंग देणारे कारागीर होते. पण कपाशीच्या गावात एक साधा हिशोब आहे.

कपाशी पेरायची जूनमध्ये, मृगाच्या पावसावर. बोंड फुटायला लागतं दसऱ्याच्या सुमारास. पहिल्या वेचणीला विदर्भात सीतादही करतात, शेतात दही-भात ठेवून पूजा, मग वेचणी सुरू. कापूस घरात येतो, बाजारात जातो, पैसा हातात पडतो, यात दिवाळी येऊन जाते. म्हणजे ज्या वेळी घर रंगवायचं, घट बसायच्या आधी किंवा दिवाळीच्या आधी, नेमका त्याच वेळी शेतकऱ्याचा खिसा रिकामा. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सगळं खर्चून झालेलं. उधारी डोक्यावर.

अशा वेळी जो रंग फुकट मिळतो आणि घरच्या हातानं लागतो, तोच रंग चालतो. माती शेताची, शेण गोठ्यातलं, चुना बाजारातून थोड्या पैशात. हौस म्हणून हे केलेलं नाही. पैशाचं आणि सणाचं वेळापत्रक जुळत नव्हतं, त्यावरचा हा तोडगा होता. आजही तो हिशोब फारसा बदललेला नाही.

चुना भिंतीवर परत दगड होतो

चुन्याचं विज्ञान थोडक्यात, कारण ते भारी आहे.

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना उरतो, ४४ किलो वायू हवेत. हा कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा येतात, पाणी उकळतं. याला चुना विरवणं म्हणतात. जे दूध तयार होतं ते गाळून भिंतीला लावायचं. आता भिंतीवर काय होतं? तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे तुम्ही भिंतीवर रंग लावत नाही, तर पातळ दगडाचा थर चढवता.

घरच्या युक्त्याही होत्या. चुना हाताला लागू नये, अंगाला घासलं तर कपड्यावर येऊ नये म्हणून त्यात डिंक, भाताची पेज किंवा मीठ. पिवळट दिसू नये म्हणून कपड्याला घालायची नीळ चिमूटभर. आपल्या डोळ्याला किंचित निळसर पांढरं हे जास्त पांढरं वाटतं. आणि विरलेला चुना इतका अल्कधर्मी असतो, की ओल्या भिंतीवर बुरशी आणि जंतू सहज टिकत नाहीत. घर पोतलं की घरातला वास बदलतो, ते उगीच नाही.

पण धोकाही आहे आणि तो मोठा आहे. कळीचा चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. चुना विरवताना लहान पोरं भोवती जमतात, कारण खदखदतं ते बघायला मजा येते. जुन्या बायका पोरांना हाकलायच्या, ते याचसाठी.

१८९७: सरकारनं मारलेला चुना

आता एक वळण. स्वतःच्या भिंतीला स्वतः चुना लावणं आणि दुसऱ्यानं येऊन लावणं यात किती फरक असतो, हे महाराष्ट्रानं एकदा फार कडवटपणे पाहिलंय.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात. इंग्रज सरकारनं मुंबईत घराघरांत पथकं घुसवली. राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजी तीन अक्षरं रंगवली जायची, 'यू एच एच', म्हणजे माणसानं राहण्यास नालायक. विचार करा, तुमच्या घराच्या भिंतीवर रंगानं लिहिलेली पहिली अक्षरं ही.

पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली प्लेग समिती नेमली, मार्चपासून सैनिक घरोघर फिरले. तीन कामं होती: रोगी शोधणं, घर निर्जंतुक करणं आणि भिंतींना चुना मारणं. कागदावर बघितलं तर चांगलंच काम. पण देवघरात बूट, बायकांच्या अंगावर हात, सामान रस्त्यावर आणि जाळपोळ. 'केसरी'त याबद्दल सडकून लिहिलं गेलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास तुम्हाला शाळेपासून माहीत आहे.

यातली विसंगती अशी, की तेव्हा प्लेग नेमका कसा पसरतो हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण उंदराच्या पिसवांमुळे तो माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये दाखवलं. म्हणजे भिंतींना चुना मारून पिसवा थांबणार नव्हत्या. आणि गंमत बघा, चुना तोच, कुंचा तोच. आजीनं लावला तर सण, शिपायानं लावला तर जुलूम. भिंतीवर काय लावलं, यापेक्षा कोणी लावलं आणि कोणाला विचारून लावलं, हे लोकांना जास्त टोचलं.

डबा आला

आता डब्याकडे. रंग कारखान्यात तयार होऊन डब्यात यायला लागला तो विसाव्या शतकात. कोलकात्याजवळ हावड्याला १९०२ मध्ये शालिमार पेंट्सची सुरुवात झाली. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स उभी राहिली, तीच पुढे नेरोलॅक. पण या रंगांचा मोठा गिऱ्हाईक होता रेल्वे, जहाज, पूल, सरकारी इमारत. घराची भिंत नव्हे.

१९४२ मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू असताना, परदेशी रंगाची आयात अडकली होती. त्याच वेळी मुंबईत गिरगावात चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये रंग तयार करायला सुरुवात केली. चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. कंपनीचं नाव एशियन पेंट्स.

त्यांनी एक गोष्ट ओळखली: मोठ्या शहरातले मोठे दुकानदार परदेशी कंपन्यांनी बांधून ठेवलेत, पण गावचा दुकानदार मोकळा आहे. आणि गावच्या माणसाला पाच लिटरचा डबा नको, छोटा हवा. या कंपनीबद्दल व्यवसायाच्या वर्गात एक गोष्ट सांगतात, की सणाला बैलांची शिंगं रंगवायला लागणारे छोटे डबे त्यांनी गावोगाव पोचवले. ही गोष्ट ऐकून आपल्या विदर्भातला माणूस हसेल, कारण पोळ्याला शिंगांना रंग लागतो, हे त्याला सांगावं लागत नाही. पण विचार करण्यासारखं आहे: गावात डब्यातल्या रंगाची ओळख आधी बैलाच्या शिंगाशी झाली, मग दाराच्या चौकटीशी, मग भिंतीशी.

१९५४ मध्ये या कंपनीचा 'गट्टू' आला. हातात रंगाची बादली, डोळ्यावर केस, खट्याळ पोरगं. काढलं होतं आर. के. लक्ष्मण यांनी. नाव ठेवायला लोकांची स्पर्धा घेतली होती, बक्षीस ५०० रुपये. मला विचाराल तर गट्टूत एक गंमत आहे. तो पेंटर आहे की घरातला पोरगा? दोन्ही वाटतो. जाहिरात जणू सांगते, की हा रंग इतका सोपा आहे की पोरसुद्धा लावेल. पण प्रत्यक्षात काय झालं?

प्रत्यक्षात डब्याबरोबर पेंटर आला. कारण चुन्याला जे चालत होतं ते डिस्टेंपरला चालेना. चुना थेट मातीवर बसतो. डिस्टेंपरला भिंत सपाट हवी, खरवडून घ्यावी लागते, प्रायमर, पुट्टी, घासणं. ऑइल पेंटला तर टर्पेंटाइन, वास, ब्रशचे डाग. ज्ञान आजीच्या हातातून निघालं आणि दुकानदार आणि पेंटर यांच्या बोलण्यात गेलं. गावातल्या बाईला कळेना, हा डबा कसा वापरायचा. आणि बघा, काम जसं पैशाचं झालं तसं ते पुरुषाचं झालं. 'पोतणं' बाईचं, 'पेंटिंग' पुरुषाचं.

शिसं: डब्यातली न दिसणारी गोष्ट

ऑइल पेंटबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली, ती म्हणजे शिसं. रंग चमकदार व्हावा, पटकन वाळावा, टिकावा म्हणून रंगात शिशाची संयुगं घालायचे. जगाला हे विष आहे हे फार आधी कळलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९२१ मध्येच एक करार केला, इमारतींच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरू नये म्हणून. का? कारण रंग देणारे कामगार आजारी पडत होते. अमेरिकेनं घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली.

आपल्याकडे कायदेशीर मर्यादा आली २०१६ च्या नियमांनी, आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून: घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको. म्हणजे त्याआधी लावलेल्या जुन्या ऑइल पेंटमध्ये, दारं, खिडक्या, ग्रील, भिंतीचा खालचा पट्टा, शिसं असू शकतं. हा पट्टा नेमका पोराच्या उंचीचा असतो. निघालेली पापडी पोरगं तोंडात घालतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि तो परिणाम भरून निघत नाही.

आजीच्या गेरूच्या पट्ट्याच्या जागी आपण ऑइल पेंटचा पट्टा आणला. पुसायला सोपा म्हणून. त्याच्याबरोबर काय आणलं, हे कोणी सांगितलंच नाही.

तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं?

आता तो रीलमधला रोलर. तो कॅनडातल्या टोरांटोमध्ये नॉर्मन ब्रेकी यांनी १९४० च्या सुमारास तयार केला. त्यांना त्यातून फारसा पैसा मिळाला नाही, कारण नक्कल करणारे पुढे निघून गेले. १९४१ मध्ये अमेरिकेत शेर्विन-विल्यम्स कंपनीनं 'केम-टोन' नावाचा पाण्यात मिसळणारा रंग बाजारात आणला. वास कमी, लवकर वाळणारा, ब्रश पाण्यानं धुता येणारा.

युद्ध संपलं, सैनिक घरी आले, शहराबाहेर हजारो घरं उभी राहिली. घर आपलं, पगार बेताचा, आणि पेंटरची मजुरी महाग. मग नवरा-बायको शनिवारी-रविवारी रंग द्यायला लागले. १९५४ च्या ऑगस्टमध्ये 'टाइम' मासिकानं 'डू इट युअरसेल्फ' या विषयावर मुखपृष्ठ काढलं. आपण आज ज्याला डीआयवाय म्हणतो, ते हेच.

फरक नीट बघा. अमेरिकेत लोक स्वतः रंग द्यायला लागले कारण मजूर महाग होता. आपल्याकडे शहरात लोकांनी स्वतः रंग देणं सोडलं, कारण मजूर स्वस्त होता. भारतात मध्यमवर्गानं रोलर हातात घेतला नाही, त्याचं कारण आळस नव्हे. पेंटरच्या दिवसाची मजुरी आपल्या एका दिवसाच्या पगारापेक्षा कमी होती, म्हणून. आणि गावात मात्र ज्याच्या हाताला दुसऱ्याला द्यायला मजुरी नव्हती, तो स्वतः पोतत राहिला. दोन्ही ठिकाणी हिशोब एकच, उत्तर उलटं.

घरकुल आलं, आणि भिंत बदलली

आता परत मुकुटबनला येऊ. कच्च्या घराच्या जागी पक्कं घर, ही मागणी रास्त आहे. मातीच्या घरात साप-विंचू, पावसात भिंत पडून माणसं दगावतात. म्हणून २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली, सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार रुपये, किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. कोलामांसारख्या समूहांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन सुरू झालं, त्यात घरासाठी २ लाख.

पण या पैशात पाया, भिंत, स्लॅब किंवा पत्रे बसवताना माणूस मेटाकुटीला येतो. रंग शेवटी येतो, आणि शेवटी पैसा उरत नाही. म्हणून तुम्हाला गावोगाव करड्या सिमेंटची घरं दिसतात, प्लास्टर झालेलं, रंग नाही. नाहीतर समोरची एक भिंत गुलाबी आणि बाकी तीन करड्या. लोक म्हणतात, यांना हौस नाही. हौस आहे हो. मातीच्या भिंतीला रंग शेतातून येत होता, सिमेंटच्या भिंतीला तो दुकानातून येतो, एवढाच फरक आहे. आणि दुकान उधार देत नाही.

विडंबन असं, की हे सिमेंट ज्या दगडाचं, तोच दगड भट्टीत भाजून आजी चुना लावत होती. मुकुटबनची चुनखडी आता पोत्यात भरून दूर जाते, आणि गावच्या घराला पांढरं करायला शहरातून डबा येतो.

पण एक चांगली बातमी आहे. सिमेंटच्या प्लास्टरलाही चुना चालतो! नवीन प्लास्टर, ज्याच्यावर अजून डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट चढलेला नाही, त्याला ओलं करून पातळ चुना दोन-तीन हात मारला तर छान बसतो. म्हणजे करडं घरकुल ज्याच्या दाराशी उभं आहे, त्याच्यासाठी आजीची विद्या अजून कामाची आहे.

या दिवाळीला स्वतः करायचं असेल तर

आपले ऐकणारे बरेच जण भाड्याच्या खोलीत, नवीन घरकुलात किंवा जुन्या घरात राहतात. म्हणून इतिहासातून निघालेल्या चार कामाच्या गोष्टी.

पहिली, भिंत ओळखा. माती किंवा कोरं प्लास्टर असेल तर चुना. आधी डिस्टेंपर असेल तर त्याच्यावर चुना लावू नका, पापडी निघेल. तिथे खरवडून, प्रायमर मारून पाण्याचा रंगच बरा.

दुसरी, चुना विरवताना लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडा थोडा चुना. चुन्यावर एकदम पाणी ओतू नका, प्लास्टिकची बादली वापरू नका, ती वितळते. डोळ्यावर चष्मा, हातात रबरी मोजे. पोरं लांब. डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

तिसरी, जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. ओला करून घासा, तोंडाला फडकं बांधा, निघालेली पापडी झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं गोळा करा. गरोदर बाई आणि लहान मूल त्या दिवशी त्या खोलीत नको. नवीन डबा घेताना शिशाबद्दल त्याच्यावर काय छापलंय ते वाचा.

चौथी, मोजा. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंच. चार भिंतींचं क्षेत्र किती? दहा आणि बारा बावीस, दुप्पट चव्वेचाळीस, गुणिले दहा, ४४० चौरस फूट. त्यातून दार-खिडकी वजा. मग डब्यावर छापलेल्या क्षेत्राशी जुळवून बघा. पेंटर लावायचा असला तरी हा हिशोब करा, म्हणजे दर ठरवताना दोघंही फसत नाहीत. आणि उंचावर चढताना घोडी धरायला एक माणूस खाली ठेवा. भिंतीला रंग चार दिवस उशिरा लागला तरी चालतो.

मग पेंटरचं काय?

एक प्रश्न उरतो. सगळ्यांनीच स्वतः रंग दिला, तर जो माणूस गाव सोडून शहरात पेंटरकाम करतो, त्याचं काय? हा प्रश्न खरा आहे. यवतमाळच्या गावांतून कपाशी फसली की पोरं नागपूर, पुणे, हैदराबादला जातात, काही रंगकामावर लागतात. बारा मजली इमारतीच्या बाहेर दोरीवर लटकून रंग देणं, तिथे स्वतः करण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे प्रश्न आहे दोरीचा, हेल्मेटचा आणि वेळेवर मजुरीचा.

माझं म्हणणं एवढंच, की हे दोन्ही काम आहे. आजीनं पोतलं तेही काम, पोरानं दोरीवर लटकून रंगवलं तेही काम. एकाला आपण 'घरचं' म्हणून मोजलं नाही, दुसऱ्याला 'स्वस्त' म्हणून मोजलं नाही. इतिहासात दोघांचीही नावं सापडत नाहीत, फक्त त्यांच्या भिंती सापडतात, आणि त्याही दर पावसाळ्यात धुऊन जातात.

म्हणून एक काम सांगतो. घरात आजी असेल, मोठी आई असेल, आत्या असेल, तिला विचारा: चुन्यात काय घालायचात, कुठली माती कुठून आणायचात, कोणासोबत पोतायला जायचात? फोनवर रेकॉर्ड करा. पाच मिनिटं पुरे. ही माहिती कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही, आणि आणखी वीस वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही. आवाज आमच्याकडे पाठवलात तर एखाद्या भागात आपण त्यातले काही एकत्र ऐकू. त्यात गोंडी, कोलामी, तेलुगू काहीही असू द्या.

आजच्यापुरतं एवढंच. पुढचा भाग शेणाच्या सड्यावर करायचा की गावच्या रेल्वे स्टेशनवर, ते तुम्हीच कळवा. भेटू. तोवर दिवाळीची साफसफाई सांभाळून करा, आणि डोळे जपा!